अंबाड्यावर न बसणारं हेल्मेट

६ नोव्हेंबर, गुरुवार

आम्हा जैनांचं आठ दिवसांचं अष्टान्हिका पर्व काल संपलं. चातुर्मासाला आलेले महाराज दिवाळीनंतर विहार करून पुढे गेले, तेव्हापासून मंदिराचं आवार रिकामं रिकामं वाटतं. जाताना त्यांनी सांगितलं होतं, दिवसभरात आपल्या हातून काय घडलं हे रोज संध्याकाळी स्वतःला सांगावं. मला मनातल्या मनात सांगता येत नाही. मन अर्ध्यावरून उसाच्या पाण्याकडे नाहीतर म्हशीकडे जातं. म्हणून लिहून बघतो.

आज घडलं ते असं. क्षमाला खडकेवाडीच्या महिला संघाने शिवणवर्गात शिकवायला बोलावलं आहे. एक डिसेंबरपासून वर्ग सुरू. माझी बायको म्हणून सांगत नाही, पण तिने बेतलेला ब्लाऊज उसवावा लागला असं आमच्या गावात कुणी म्हणणार नाही. अडचण एकच. वर्ग पाचला सुटतो आणि आमच्याकडे येणारी बस दिवेलागणीनंतरची. आम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही. चालत यायचं तर तास जातो, मग चूल कधी पेटवायची आणि जेवायचं कधी?

क्षमा म्हणाली, "ब्राह्मीची सायकल हाय की."

आमच्या मुलीला, ब्राह्मीला, आठवीत शाळेतून सरकारची सायकल मिळाली होती, ती. ती गोठ्यात पोत्याखाली पडून आहे. क्षमा माहेरी असताना सायकल चालवायची म्हणे. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली आणि हे मला आज कळलं.

मी म्हणालो, "हेल्मेट आणल्याबिगर सायकल रस्त्यावर न्यायची न्हाय."

ती म्हणाली, "मग आणा की."

९ नोव्हेंबर, रविवार

निपाणीला रविराजच्या सायकलच्या दुकानात गेलो होतो. मी एक हेल्मेट डोक्यावर घातलं, तर ते वर तरंगायला लागलं. त्याला म्हटलं, याच्यापेक्षा मोठं दाखव.

"काका, आधी टोपी काढा," रविराज म्हणाला. "गांधी टोपीवर हेल्मेट बसंल व्हय?"

मी टोपी काढली नाही. आई घरात असताना उघड्या डोक्याने बाजारात उभं राहणं मला जमत नाही. घरातलं वडीलधारं गेलं की माणूस बोडकं डोकं घेऊन फिरतो. उगाच कुणी ओळखीच्याने बघायचं आणि आईला जाऊन विचारायचं.

रविराजने मग स्वतःच्या डोक्यावर घालून दाखवलं. हेल्मेट कपाळावर आडवं, भुवयांच्या वर दोन बोटं. मागे कलतं घातलं तर पडल्यावर कपाळच फुटणार. कानाखाली दोन्ही पट्ट्या जुळल्या पाहिजेत, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकीच जागा. मागे एक चाक असतं, ते फिरवून आवळायचं. आणि मग, पट्टा न लावता, मान जोरात हलवायची. त्याने हलवली. हेल्मेट जागचं हललं नाही.

सगळं पटलं. पण हनुवटीखालचा तो चाप गळ्यातल्या मंगळसूत्रात अडकेल असं मला वाटलं. दुसऱ्याला वर मोठमोठी भोकं होती. म्हटलं, सांजच्याला शेताच्या कडेने येताना चिलटं आत शिरतील, केसांत अडकून मरतील.

"मग झाकलेलं घ्या."

"त्यात उकडतंय."

"काका, हेल्मेट कुणाला पायजे?"

"घरात."

"मग घरातल्यास्नीच घिऊन या की!" असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

रिकाम्या हाताने परत आलो. क्षमाने दारातूनच विचारलं, "आणलं?" मी चाप आणि चिलटांचं सांगितलं. चिलटांचं तिला पटलं. चापाचं ऐकून तिने मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत टाकलं आणि भाकरी थापायला बसली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ब्राह्मी बेळगावला खासबागेत दोन मैत्रिणींबरोबर राहते आणि मच्छेच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. तिने फोनवर हेल्मेटांचे फोटो पाठवले. एकाच्या पुढच्या भोकांना आतून बारीक जाळी आहे. परदेशातल्या माणसांनाही चिलटांचा विचार सुचला हे बघून बरं वाटलं. ब्राह्मी म्हणाली, "आप्पा, ते चिलटांसाठी नाही, चालवणाऱ्याला किडा चावू नये म्हणून असतं." असो. जीव वाचला म्हणजे झालं.

ती मागवून देते म्हणाली. मी म्हटलं, असं न बघता घेऊ नये, मी येतो.

आईचा विरोध होईल असं मला वाटत होतं. सुनेने सायकलवरून गाव ओलांडायचं म्हणजे. आई म्हणाली, "डोक्यावर पदर ऱ्हातोय का?"

"पदर न्हाय, टोपी."

"झाकलं म्हंजे झालं. पदर वाऱ्यानं उडतोय तरी. ती उडायची न्हाय."

आईच्या हाताला अलीकडे कंप आहे, पण बोलणं अजून ताठ आहे.

सायकल बघितली. मागच्या चाकात हवा नाही. पंप शेजारी मालुबाईकडे आहे. मागायचं राहून गेलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बेळगावला जाऊन आलो. ब्राह्मीची दुसरी पाळी होती, सकाळ मोकळी. दुकान मोठं. दुकानदार कन्नडमध्ये डोक्याचं माप विचारू लागला. ब्राह्मीने माझ्याकडे बघितलं.

"आप्पा, आईचं डोकं केवढं आहे?"

मी हाताने दाखवलं, एवढं असेल.

"कलिंगड घेतोय का आपण?" ती हसायला लागली. मग म्हणाली, "आईला का नाही आणलं?"

मी म्हटलं, तिला घरी काम होतं. सकाळी निघताना मी तिला चल म्हणालोच नव्हतो, हे आता लिहिताना लक्षात येतं. तिला खरोखरच काम होतं, पण ते मी विचारलं नव्हतं.

जाळीवालं हेल्मेट तिथे होतं. पांढरं, हलकं. क्षमाचा अंबाडा मोठा आहे, त्यामुळे सगळ्यात मोठ्या मापाचं घेतलं. मनाला हलकं वाटलं. बसमध्ये मांडीवर खोकं ठेवून काकती गावापर्यंत णमोकार मंत्र म्हणत आलो, पुढे डोळा लागला.

घरी क्षमाने ते डोक्यावर ठेवलं. अंबाड्यावर ते असं बसलं की आई म्हणाली, "चुंबळीवर घागर ठेवल्यावानी दिसतंय गं!" क्षमाने रविराजसारखी मान हलवली (तिला मीच सांगितलं होतं), तर हेल्मेट पुढे येऊन नाकावर बसलं. दोघी इतक्या हसल्या की आईला ठसका लागला.

क्षमा डोळे पुसत म्हणाली, "थांबा, अंबाडा सोडून घालते."

मी म्हटलं, "नको. मोठंच हाय ते. परत करतो." खोक्यात घालून कपाटावर ठेवलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

चतुर्दशी. उपवास. मंदिरात बराच वेळ बसलो.

मागच्या वर्षी याच दिवसांत सन्मती अण्णा गेला. माझा थोरला भाऊ. दूध घालून सायकलवरून येत होता. ट्रॉलीतून पडलेला ऊस रस्त्यावर होता, त्यावरून चाक घसरलं. ट्रॉली त्याला लागलीसुद्धा नाही. नुसता पडला, डोक्यावर. कपड्यांना माती नव्हती म्हटलं तरी चालेल. कोल्हापूरला नेलं, पण तो बोलला नाही. त्याच्या डोक्यावर काही नव्हतं. असतं तर काय झालं असतं हे डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं.

खडकेवाडीचा रस्ता तोच आहे. साखर कारखाना सुरू झाला, ट्रॉल्यांची रीघ लागली आहे.

हेल्मेटची घाई करून उपयोग नाही. नीट बघूनच घेतलं पाहिजे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ऊसतोड टोळीची वाट बघतो आहे. रोज दिवसभर शेतात असतो.

क्षमाच्या कोपराला खरचटलं आहे. म्हटलं, काय झालं? म्हणाली, "लागलं." गोठ्याची भिंत खरबरीत आहे, तिला गिलावा करून घ्यायला पाहिजे. तिच्या हिरव्या साडीच्या काठाला काळं वंगण लागलं आहे, ते रॉकेलने निघतं का बघत होती. शिवणयंत्राला ती तेल जास्त घालते, हे मी पूर्वीही सांगितलं आहे.

दुपारी घरी आलो तर आई बाहेर कट्ट्यावर बसलेली. मला बघून मोठ्याने म्हणाली, "आला का रं रायगोंडा? आज लवकर आलास!" कानाने कमी ऐकू यायला लागलं की माणूस असं मोठ्याने बोलतं. अलीकडे रोज दुपारी ऊन खायला तिथेच बसते. तिला बरं वाटत असेल तर चांगलंच आहे.

मालुबाई भेटली. "काय दाजी, हेल्मेट आलं का? का ऊस तुटल्यावर येणार?" आणि तोंडाला पदर लावून हसत गेली. तिच्याकडून पंप आणायचं पुन्हा राहिलं. पण सायकलीच्या चाकात हवा आहे. मी मागे नीट बघितलं नसेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार

क्षमाने आठवडाभरात हेल्मेटचं विचारलेलं नाही. आजही नाही. बहुधा तिच्या मनातून शिवणवर्ग उतरला आहे. मीही विषय काढला नाही. खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. बरं वाटल्याचं पुन्हा थोडं वाईटही वाटलं. ती जाड कापडाची लांब पट्ट्यांची पिशवी शिवते आहे, पाठीला लावायची. कुणाच्या तरी मुलाची असेल.

निपाणीला जायचं होतं, पण गेलो नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज टोळी आली. दुपारपर्यंत पहिली खेप भरली. वजनकाट्यावर हजर राहावं म्हणून मीही निघालो. ट्रॅक्टर रवळूचा. त्याच्या शेजारी चाकावरच्या पत्र्यावर बसलो. मागे दोन ट्रॉल्या. वरून रस्ता लांबपर्यंत दिसतो आणि रस्त्यावरची माणसं फार लहान दिसतात.

खडकेवाडीच्या अलीकडच्या वळणावर समोरून एक बाई सायकलवरून येताना दिसली. हिरवी साडी, कमरेला पदर खोचलेला. डोक्यावर काही नाही. अंबाडा दिसत होता. मी मनात म्हटलं, ही कुणाची बाई, हिच्या घरात सांगणारं कुणी नाही का?

मग तिने ट्रॅक्टर बघितला. हळू झाली, खाली उतरली, सायकल रस्त्याच्या कडेला गवतात नेऊन उभी राहिली. आम्ही जवळ आलो. क्षमा होती.

तिनेही मला बघितलं. पदर सारखा केला. मला ओरडता आलं नाही, उतरता आलं नाही. माझा ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या तिच्या शेजारून गेल्या आणि मी मागे वळून बघत राहिलो. मागची ट्रॉली गेल्यावर ती एक पाय पायडलवर ठेवून झटकन बसली आणि निघाली. एकदाही डुगडुगली नाही.

रवळू म्हणाला, "आक्का लई शानी हाय. ट्रॅक्टर दिसला की उतरून थांबती. न्हायतर बाकीचे! मधनंच घुसत्यात."

"तू रोज बघतोस?"

"रोज. आठ-धा दिस झालं की. तुमास्नी ठावं न्हाय व्हय?"

मी म्हटलं, "हाय की." आज खोटं बोललो, ते लिहून ठेवतो.

काट्यावर वजन काय झालं ते लक्षात राहिलं नाही. चिठ्ठी रवळूनेच घेतली.

घरी आलो तेव्हा क्षमा वाढायला बसली होती, ऊन अजून अंगणात होतं. आई आमच्याकडे न बघता जपमाळ ओढत होती. मी विचारलं, "कधीपासनं?"

"बेळगावला गेलता, त्या दिवसापासनं."

"मला सांगायचं न्हाय?"

"तुमी इचारलंच न्हाय. एक तारखेला जायचं हाय. सराव नको?"

"अगं, पण टोपी न घालता?"

तिने ताटात भात वाढला, त्यावर आमटी वाढली. मग म्हणाली, "टोपी तुमी आणताय न्हवं."

मी भात कालवत राहिलो. जेवताना बोलू नये असं म्हणतात.

दहा दिवस. मी भोकं मोजत बसलो, चाप बघत बसलो, मोठं माप घेतलं आणि कपाटावर ठेवलं. दहा दिवस ती त्याच रस्त्याने तशीच गेली. मी हेल्मेट शोधत होतो की आणखी काही करत होतो, ते आज मला नीट सांगता येत नाही. भीती वाटत होती हे खरं. भीतीचं तिला सांगितलं नाही, चिलटांचं सांगितलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळीच दोघं निपाणीला गेलो. बेळगावचं खोकं मालुबाईच्या भाच्याबरोबर ब्राह्मीकडे पाठवलं, ती बदलून नाहीतर परत करून घेईल.

रविराज क्षमाला बघून म्हणाला, "या काकी! काका आजवर नुसती टोपी बघत हुते, आज डोकं घिऊन आले."

त्याने कपड्याच्या टेपने तिच्या कपाळावरून माप घेतलं. मधलं माप निघालं, मी आणलेल्यापेक्षा बरंच लहान. क्षमाने टेप त्याच्या हातातून घेऊन पुन्हा एकदा स्वतः मोजलं. शिंप्याचा दुसऱ्याच्या मापावर विश्वास नसतो.

मग तिने अंबाडा सोडला आणि आरशासमोर खाली मानेपाशी सैल वेणी घातली. मी बाजूला उभा होतो. रविराजने तीन हेल्मेटं काढली. पहिलं घालताच ती म्हणाली, "कानात रुततंय." तिच्या कुड्यांवर पट्टा येत होता. त्याने कानाखालचा पट्ट्यांचा जोड वरखाली सरकवून बघितला, तरी येत होता. बाजूला ठेवलं. दुसरं मला आवडलेलं, जाळीचं. ते तिने घातलं, मान हलवली, लगेच काढलं. "हलकं हाय, पण कपाळावर दाबतंय. रोज दाबलं तर डोकं दुखंल, मग मी काढून पिशवीत ठेवीन."

हे मला कधी सुचलंच नसतं. दुखणारं हेल्मेट पिशवीत जातं.

तिसरं पिवळं, भडक. शेतातल्या मोहरीसारखं. मागचं चाक फिरवलं, मान हलवली, खाली वाकली, रविराजला म्हणाली, "जरा वर बघते," आणि छताकडे बघितलं. हललं नाही. वेणी मागच्या पट्टीखालून आरामात गेली.

मी म्हटलं, "जरा सौम्य रंग न्हाय का रं?"

क्षमा म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लांबनं दिसंल. ट्रॅक्टरवाल्यांस्नी."

चिलटांचं मी काढणारच होतो. तिने आधीच रविराजला विचारलं, आतली गादी सुटते का? सुटते. तिच्याखाली मच्छरदाणीचं कापड बेतून घालेन म्हणाली. रविराज म्हणाला, घाला, पण गोंद लावू नका, सुई वरच्या फोमात टोचू नका, त्याचा जोर जातो. आणि एकदा जोरात आपटलं तर दिसायला चांगलं असलं तरी टाकून द्या, दुसरं घ्या.

अर्धा तासही लागला नाही.

परतताना बसमध्ये मी तिला सन्मती अण्णाचं बोललो. ती म्हणाली, "मला ठावं हाय." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला काय भ्या वाटत न्हाय व्हय? त्या वळणाला रोज वाटतंय."

१ डिसेंबर, सोमवार

आज क्षमाचा पहिला दिवस.

दुपारी शेतात गेलो, पण पाणी कोणत्या सरीत सोडलं तेच कळेना. चारच्या सुमारास परत आलो. पाच झाले. साडेपाच झाले. ऊन कट्ट्यावरून खाली गेलं, मग चिंचेच्या शेंड्यावर गेलं. मी वेशीपर्यंत गेलो आणि आलो. आई दिवसातून एकदाच दुपारी जेवते, तिला जेवणाची घाई नसते. ती म्हणाली, "बस खाली. येरझाऱ्या घालून सूर्य थांबतोय व्हय?"

सूर्य गेला. त्यानंतर थोड्या वेळाने पिवळा ठिपका दिसला. क्षमा सायकल हातात धरून चालत आली, हेल्मेट डोक्यावरच.

"पडलीस?"

"न्हाय वो. वळणाला ट्रॉल्या लागल्या, एकामागं एक. थांबले. मग अंधारून आलं, दिव्याबिगर चालवायला नको वाटलं." तिने पट्ट्याचा चाप काढला. केस घामाने कपाळाला चिकटले होते. "मधनं काढता आली असती. दोन ट्रॉल्यांच्या मधनं एकजण गेला बी. घरी यिऊन चूल पेटवायची, तुमी उपाशी, म्हणून मनात लई आलं. पर थांबले."

ती चुलीकडे बघत उभी राहिली. चूल थंड होती. आता पेटवून उपयोग नव्हता. दोघांनाही आज पाणीसुद्धा नाही.

"तुमी का न्हाय खाल्लं? दुपारची भाकरी हुती की."

मी सायकल गोठ्यात नेऊन लावली.

आई म्हणाली, "एक रात उपाशी ऱ्हाऊन कोण मरत न्हाय."

क्षमा झोपली आहे. मी अंगणात बसून लिहितो आहे. महिनाभर मी टोपीचा विचार केला. पण ती त्या वळणावर उभी असताना तिच्या मनात टोपी नव्हती, चूल होती. सूर्याच्या आत घर गाठायचं, सूर्याच्या आत रांधायचं. ती घाई मी बायकोच्या पाठीला बांधून दिली आणि डोक्याला हेल्मेट शोधत फिरलो.

२ डिसेंबर, मंगळवार

दुपारी ती गेल्यावर आईला म्हटलं, भाकरी कशी करायची ते सांग.

आईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "हात धू आधी. मातीचं हायत." मग परातीशेजारी बसून बोटाने दाखवत राहिली. पाणी कढत घे. पीठ रगड, कुरवाळू नको. हळू थाप, म्हैस थोपटतोयस का?

पहिल्या दोन करपल्या. तिसरी तव्यावर टाकताना फाटली. चौथी फुगली. आमटी आईने सांगून माझ्या हातून करून घेतली, मीठ जास्त झालं.

पाच वाजून गेले. मी वेशीपर्यंत गेलो नाही. ताटं मांडली आणि कट्ट्यावर बसलो. क्षमाला सकाळी सांगितलं होतं, आज चूल माझ्याकडे आहे, वळणावर जितका वेळ लागेल तितका लागू दे.

ऊन अंगणात असतानाच आली. सावकाश आली.